देव सिद्ध करण्याच्या खटपटीचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे वाचून देव आहे की नाही ते कळेल का?

नाही. देव आहे हे तर्कानं दाखवायचे प्रयत्न कोणी केले, कसे केले आणि कोणी ते हाणून पाडले, एवढंच इथे मिळेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे पदोपदी दिसेल. आपल्या डोक्यात हा वाद आस्तिक विरुद्ध नास्तिक असा असतो. बौद्धांची बाजू वेगळी, ती पुढे येईलच. पण या युक्तिवादांवरचे बरेचसे वर्मी लागलेले घाव देव मानणाऱ्यांनी, निदान वेद किंवा बायबल मानणाऱ्यांनीच घातले आहेत. अकराव्या शतकातला ख्रिस्ती मठवासी विचारवंत अन्सेल्म, त्याला पहिलं सडेतोड उत्तर एका ख्रिस्ती साधूनं दिलं. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, अनुमान रामानुजाचार्यांनी मोडून काढलं. मीमांसक कुमारिलभट्टांनी तर सृष्टिकर्त्याची अशी खिल्ली उडवली आहे की आजच्या बुद्धिवाद्यानं ती जशीच्या तशी उचलावी.

श्रद्धा असताना पुराव्याची गरज कशाला पडली?

ही शंका नैयायिक उदयनाचार्यांनी स्वतःच ‘न्यायकुसुमांजली’च्या आरंभी घेतली आहे. ते म्हणतात, कोणी ना कोणी, कुठल्या ना कुठल्या नावानं त्याची उपासना करतोच. कारागीरसुद्धा त्याला विश्वकर्मा म्हणून पुजतात. मग संशय कुठे उरला आणि सिद्ध तरी काय करायचं? त्यावर त्यांचं उत्तर असं: ‘न्यायचर्चेयमीशस्य मननव्यपदेशभाक् । उपासनैव क्रियते श्रवणानन्तरागता ॥’ आधी श्रवण, मग मनन. ही तर्कचर्चा म्हणजे ते मनन, अर्थात उपासनाच. अन्सेल्मनं आपल्या पुस्तकाला आधी दिलेलं नाव ‘समज शोधणारी श्रद्धा’ अशा अर्थाचं होतं. शतकभराच्या अंतरानं, एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन माणसं एकच गोष्ट सांगत होती.

अर्थात, हे झालं पुस्तकाच्या सुरुवातीचं. पुढची पानं वाचली की उदयनांना समोर बसलेला बौद्ध पंडित दिसतोय हे लपत नाही. त्या काळी विक्रमशिलेच्या बौद्ध विहारातून ईश्वराच्या अनुमानाच्या चिंधड्या उडवणारे ग्रंथ बाहेर पडत होते आणि त्यांना उत्तर देणं भाग होतं.

सहाही आस्तिक दर्शनं देव मानतात ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. दर्शनांच्या बाबतीत ‘आस्तिक’ म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा, देव मानणारा नव्हे. सांख्यदर्शनाच्या सांख्यकारिकेत जगाचं सगळं गणित प्रकृती (जड सृष्टीचं मूळ) आणि पुरुष (चेतन आत्मा) या दोघांत सुटतं, ईश्वराला तिथे काम नाही. गंमत म्हणजे ती लिहिणाऱ्याचं नाव ईश्वरकृष्ण! मीमांसक वेदाला अपौरुषेय मानतात, म्हणजे तो कोणीच रचलेला नाही, देवानंही नाही. योगदर्शनात ईश्वर आहे, पण तो जगाचा कर्ता म्हणून पुढे येत नाही. देव आहे हे अनुमानानं सिद्ध करण्याचा विडा खऱ्या अर्थानं उचलला तो न्याय-वैशेषिकांनी.

तिथेही सुरुवात बेताचीच आहे. न्यायसूत्रांत ईश्वरावर जेमतेम तीन सूत्रं आहेत (४.१.१९ ते २१), आणि त्यातलं पहिलं सूत्र न्यायाचं स्वतःचं मत सांगतं की दुसऱ्याचं, यावरही मतभेद आहेत. माणूस कष्ट करतो तरी फळ मिळतंच असं नाही, तेव्हा फळ देणारा कोणी वेगळा असावा, हा त्यातला धागा. पुढे वात्स्यायन, उद्योतकर, वाचस्पती मिश्र, काश्मीरचा जयन्तभट्ट असे एकेक जण भर घालत गेले.

नैयायिकांचं ते घटाचं अनुमान नेमकं काय आहे?

वाक्य छोटं आहे: पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, जसा घट.

आता सावकाश बघू. जे अवयवांचं बनलेलं असतं ते कधीतरी घडलेलं असतं. घट घडलेला आहे आणि त्याला कुंभार आहे. कुंभार कर्ता ठरतो तो केवळ हात आहेत म्हणून नव्हे. त्याला मातीची जाण आहे, घट व्हावा ही इच्छा आहे आणि तो प्रयत्न करतो. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न ही त्रयी ज्याच्यापाशी आहे तो कर्ता. डोंगर, समुद्र, गवताचं पातं हीसुद्धा अवयवांची बनलेली आहेत. मग त्यांचाही कर्ता हवा, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे परमाणू. ते तुम्हाआम्हाला ठाऊक नाहीत. ज्याला ते सगळे ठाऊक आहेत तो सर्वज्ञ.

पहिला आक्षेप कोणालाही सुचेल: रानात गवत आपोआप उगवतं, तिथे कुठे कुंभार दिसतो? नैयायिक म्हणतो, गवताला कर्ता आहे की नाही हाच तर वाद. वादातली गोष्टच उलट उदाहरण म्हणून कशी चालेल? नियम म्हणून हे बरोबर आहे. डोंगरावर धूर पाहून अग्नी ओळखायचा असेल, तर ‘याच डोंगरावर अग्नी दिसत नाही’ हे खंडन होत नाही. पण इथे अडचण अशी की घट, वस्त्र, रथ अशा माणसानं केलेल्या वस्तू सोडून जगातलं बाकी सगळं वादाच्या पोटात गेलं. उलट उदाहरण द्यायला शिल्लकच काही राहत नाही. मला हा डाव नियमात बसणारा पण थोडा चलाखीचा वाटतो.

दुसरा आक्षेप शरीराचा. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी आहे. मग देवालाही देह हवा, आणि देह हेही कार्यच, म्हणजे त्यालाही कर्ता हवा. उत्तर: आत्मा आपला हात हलवतो तेव्हा तो हलवायला दुसरा हात लागत नाही, प्रयत्न पुरतो. परमाणूंच्या बाबतीत ईश्वराचंही तसंच.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. न्यायाचा ईश्वर शून्यातून काहीच निर्माण करत नाही. परमाणू नित्य आहेत, जीवात्मे नित्य आहेत. ईश्वर ते जुळवून आणतो, जिवांच्या कर्माच्या हिशोबानं.

बौद्धांनी यावर काय म्हटलं?

सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीनं ‘प्रमाणवार्तिका’त मोजक्या श्लोकांत मर्मावर बोट ठेवलं. घटाचा विशिष्ट आकार पाहून कुंभार आठवतो, कारण तसा आकार कुंभाराच्या हातून होताना आपण पाहिलेला आहे. डोंगरालाही ‘आकार’ आहे खरा, पण शब्द सारखा असला म्हणून वस्तू सारखी होत नाही. धूर फिकट पांढरा असतो म्हणून कुठलीही फिकट पांढरी वस्तू पाहून अग्नीचं अनुमान केलं तर कसं चालेल? आणि मातीचा आकार म्हणजे कुंभाराचं काम असंच धरायचं असेल, तर वारूळही कुंभारानं केलं असं म्हणावं लागेल.

वारुळाचं हे उदाहरण फार नेमकं आहे. वारुळाला आकार आहे, आत खोल्या आहेत, वाटा आहेत आणि ते मातीचंच आहे. कुंभार मात्र कोणी नाही.

धर्मकीर्तीचा दुसरा मुद्दा कारणाबद्दलचा. चैत्र नावाच्या माणसाला शस्त्रानं जखम झाली आणि औषधानं ती भरली, तर कारण शस्त्र आणि औषध. ज्याचा या प्रकाराशी संबंध दिसत नाही अशा कोणालाही कारण म्हणायचं ठरलं, तर शेजारच्या खुंटाला का म्हणू नये? शिवाय जो नित्य आहे, कधी बदलतच नाही, तो काल कारण नव्हता आणि आज कारण झाला हे कसं? पुढे आठव्या शतकात शान्तरक्षितानं आणि अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीनं हाच मारा आणखी बारकाईनं केला.

उदयनाचार्यांचं एवढं नाव का?

दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचे हे मिथिलेचे पंडित. ईश्वरसिद्धी हाच विषय घेऊन त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला. त्याचे पाच भाग, त्यांना ते स्तबक म्हणजे फुलांचे गुच्छ म्हणतात. पहिले चार भाग विरोधकांचे आक्षेप निवारण्यात जातात आणि स्वतःचे पुरावे येतात ते पाचव्यात. आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं, ही शिस्त मला त्या पुराव्यांपेक्षाही आवडते.

पुराव्यांची यादी एकाच श्लोकात आहे: ‘कार्यायोजनधृत्यादेः पदात् प्रत्ययतः श्रुतेः । वाक्यात् संख्याविशेषाच्च साध्यो विश्वविदव्ययः ॥’ जग हे कार्य आहे, परमाणूंना पहिली गती कोणीतरी द्यायला हवी, जग तोलून धरलेलं आहे, विणकामासारख्या कला पहिल्यांदा कोणीतरी शिकवल्या असणार, वेद विश्वसनीय आहेत, अशी ती मांडणी. शेवटचा ‘संख्याविशेष’ हा सगळ्यात चमत्कारिक. वैशेषिकांच्या मते दोन परमाणू मिळून द्व्यणुक होतं आणि त्याचं परिमाण त्या ‘दोन’ या संख्येतून येतं. पण एकाच्या पुढच्या संख्या वस्तूंत आपोआप नसतात. ‘हा एक, तो एक’ असं मोजणारी बुद्धी असेल तरच ‘दोन’ जन्माला येतं. सृष्टीच्या आरंभी मोजायला होतं कोण? म्हणजे ईश्वराचं मोजणं आलं. वैशेषिकांचं परमाणुशास्त्र गेलं तसा हा पुरावाही गेला, पण असा विचार सुचणाऱ्या डोक्याला दाद द्यावीच लागते.

तिसऱ्या स्तबकातला एक मुद्दा मात्र आजच्या चहाच्या टपरीवरही कामाला येतो. ‘देव दिसत नाही म्हणून नाही’ असं म्हणणाऱ्याला ते विचारतात: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून ‘नाही’ म्हणता येतं. टेबलावर घट नाही हे पाहून कळतं, कारण असता तर दिसला असता. परमाणूबद्दल तसं म्हणता येत नाही. यानं देव सिद्ध होत नाही, पण घाईचं एक खंडन बाद होतं.

पुरीची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. उदयन दर्शनाला गेले तर दार बंद. तेव्हा ते जगन्नाथाला म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात मला जुमानत नाहीस, पण बौद्ध पुन्हा आले की तुझं अस्तित्व माझ्यावर अवलंबून आहे! इतिहास म्हणून याला काही आधार नाही. ग्रंथाच्या शेवटाकडचा एक श्लोक मात्र त्यांचा स्वतःचा आहे आणि त्याचा सूर अगदी वेगळा आहे. श्रुती (वेद) आणि तर्क यांच्या पाण्यानं इतकं धुऊनही ज्यांच्या हृदयात तू जागा घेत नाहीस ते दगडाच्या काळजाचे खरे. पण विरोधासाठी का होईना, तेही तुझंच चिंतन करत होते, तेव्हा हे कृपाळू, वेळ आली की त्यांनाही तूच तार.

वेदनिष्ठ कुमारिलभट्टांनी देवाची खिल्ली उडवली म्हणजे काय केलं?

‘श्लोकवार्तिका’त ते एकेक प्रश्न टाकत जातात. जग नव्हतं तेव्हा प्रजापती उभा कुठे होता? देह नसताना त्याला इच्छा झाली कशी? त्यानं जग केलं हे पाहिलं कोणी? तो स्वतःच सांगतो म्हणता? अहो, न करताही सांगेल, आपला मोठेपणा मिरवायला! करुणेनं जग निर्माण केलं म्हणाल, तर तेव्हा कीव करावी असं होतं कोण? आणि करुणाच होती तर नुसतं सुखाचं जग केलं असतं. काही हेतू नव्हता म्हणाल, तर ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’: काही हेतू मनात धरल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही हातपाय हलवत नाही.

आणि याच ग्रंथाचा पहिला श्लोक चंद्रकोर धारण करणाऱ्याला, म्हणजे शंकराला, नमस्कार करतो. टीकाकारांनी त्याचा अर्थ यज्ञाकडे वळवून पाहिला आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. नमस्कार करणं वेगळं आणि त्याला जगाचा कर्ता म्हणून अनुमानानं सिद्ध करणं वेगळं.

वेदान्ती तर देवभक्त. त्यांनी विरोध का केला?

कारण त्यांच्या मते देव श्रुतीतूनच कळतो. ‘शास्त्रयोनित्वात्’ या ब्रह्मसूत्रावरच्या श्रीभाष्यात रामानुजाचार्य नैयायिकांचं अनुमान आधी सविस्तर मांडतात आणि मग ते पाडतात. डोंगर आणि समुद्र एकाच वेळी, एकानंच केले याला आधार काय? वेगवेगळ्या वेळी अनेकांनी केले असतील. घटाच्या कर्त्यावरून जायचं तर देहधारी, अपुऱ्या ज्ञानाचा कर्ताच सिद्ध होईल, परमेश्वर नाही.

सहाशे वर्षांहून अधिक काळानं स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं हेच लिहिलं: घर किंवा जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग जग अनेक देवांनी मिळून का बांधलं नसेल? किंवा एखाद्या बालदेवाचा हा पहिलाच, फसलेला प्रयत्न का नसेल? ह्यूमचे हे संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ साली छापले गेले. दोघांचं शस्त्र एक, हेतू मात्र उलटे. रामानुजांना अनुमान बाजूला सारून श्रुतीचं स्थान पक्कं करायचं होतं.

पाश्चात्त्य परंपरेत हे कुठून सुरू होतं?

प्लेटोपासून. ‘लॉज’च्या दहाव्या भागात तो म्हणतो, दुसऱ्याला हलवणाऱ्या साखळीच्या मुळाशी स्वतः हलणारं काहीतरी हवं. ॲरिस्टॉटलनं ते उलटवलं: मुळाशी न हलता हलवणारा हवा. त्याचं जग अनादी होतं, तेव्हा त्याचा देव जगाचा निर्माता नाही.

पुढची मोठी झेप बगदाद आणि इराणच्या बाजूला आहे, आणि युरोपचा इतिहास सांगताना ती बऱ्याचदा गाळली जाते. इब्न सीना (९८० ते १०३७) म्हणाला, जगातली प्रत्येक वस्तू अशी आहे की ती नसती तरी चाललं असतं. अशा वस्तूंचा ढीग कितीही मोठा केला तरी त्या ढिगालाही तेच लागू. तेव्हा जे नसणं शक्यच नाही असं एक काहीतरी हवं. अल-गझालीला (१०५८ ते ११११) हे पुरेसं वाटलं नाही, कारण यात जग अनादी राहू शकतं. त्यानं उदाहरण दिलं: शनीची एक फेरी तीस वर्षांत होते, सूर्याची एका वर्षात. (आपल्या साडेसातीचा हिशोबही याच तीस वर्षांवर बेतलेला आहे.) काळ अनादी असेल तर दोघांच्या फेऱ्या अगणित झाल्या, पण सूर्याच्या तीसपट व्हायला हव्यात. अगणिताची तीसपट म्हणजे काय? म्हणून जगाला आरंभ आहे, आणि आरंभ आहे म्हणून आरंभकर्ता आहे. आजचं अनंताचं गणित ही कोंडी सहज सोडवतं, तरी हा युक्तिवाद अमेरिकी ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेगनं १९७९ मध्ये पुन्हा उभा केला आणि यूट्यूबवरच्या वादांत तो आजही ऐकू येतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडितानं यातलं बरंचसं देव सिद्ध करण्याच्या पाच मार्गांत बसवलं. त्याचा ग्रंथ अवाढव्य, पण हे पाच मार्ग दीड-दोन पानांत संपतात.

‘सगळ्याला कारण लागतं, मग देवाला कोणी निर्माण केलं?’ यानं विषय संपत नाही का?

नाही, कारण ‘सगळ्याला कारण लागतं’ असं यातला कोणीही म्हणत नाही. नैयायिक म्हणतो ‘जे कार्य आहे त्याला’, गझाली म्हणतो ‘ज्याला आरंभ आहे त्याला’, इब्न सीना म्हणतो ‘जे नसतं तरी चाललं असतं त्याला’. अक्वायनसची साखळी तर काळात मागे जाणारी नाहीच. जगाला आरंभ होता हे तर्कानं सिद्ध करता येत नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं. दगड काठीनं हलतो आणि काठी त्याच क्षणी हातानं हलते, अशी त्याची साखळी आहे.

खरा प्रश्न असा विचारायला हवा: साखळी कुठेतरी थांबवायचीच आहे, तर ती जगापाशीच का थांबवू नये? १९४८ साली बीबीसीवर बर्ट्रंड रसेल आणि पाद्री कॉपलस्टन यांचा वाद झाला, त्यात रसेलनं हीच भूमिका घेतली: विश्व आहे, बस्स. कॉपलस्टनला ते उत्तर वाटलं नाही. तिथून पुढे दोघांनाही जाता आलं नाही.

अन्सेल्मची युक्ती म्हणजे शब्दांचा खेळ नाही का?

वाटतो खरा, पण चूक नेमकी कुठे आहे हे दाखवायला युरोपातल्या शहाण्यांना सातशे वर्षं लागली. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही असा तो देव, ही व्याख्या. आता तो फक्त मनात आहे असं समजा. मग प्रत्यक्षातही असणारा त्याहून थोर ठरेल. म्हणजे ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही त्याहून थोर काहीतरी कल्पिलं. विसंगती आली. म्हणून तो प्रत्यक्षात आहे.

हे नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात १०७७-७८ च्या सुमारास लिहिलं गेलं. अन्सेल्मचा चरित्रकार ईडमर सांगतो की या विचारानं त्याची अन्नपाण्यावरची, झोपेवरची वासना उडाली होती. एका रात्री तो सुचला, मेणाच्या पाट्यांवर उतरवला, पाट्या सांभाळायला दिल्या तर त्या गायब झाल्या. पुन्हा लिहिलं, तर पाट्या जमिनीवर फुटून पडलेल्या सापडल्या. तुकडे जुळवून मजकूर वाचवला आणि मग चर्मपत्रावर उतरवून घेतला.

मार्मूतिए मठातल्या गोनिलो नावाच्या साधूनं लगेच उत्तर दिलं: ज्याहून उत्तम बेट कल्पिता येत नाही असं बेट मनात आणा, याच न्यायानं तेही समुद्रात असायला हवं. अन्सेल्मनं उत्तर लिहिलं, आणि गोनिलोचा आक्षेप व आपलं उत्तर दोन्ही यापुढे पुस्तकाला जोडूनच नकलावीत अशी सूचना केली. आजच्या समाजमाध्यमांवर असं कोण करेल? अक्वायनसनंही ही युक्ती नाकारली. देकार्तनं १६४१ मध्ये ती नव्यानं मांडली.

आपल्याकडे हिला सख्खं भावंड सापडत नाही. न्यायाच्या अनुमानात दृष्टान्त लागतो, प्रत्यक्ष पाहिलेली एखादी वस्तू. नुसत्या व्याख्येतून अस्तित्व काढणाऱ्याला नैयायिकानं पहिल्याच पायरीवर अडवलं असतं. योगसूत्रातलं ‘तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्’ (१.२५) थोडं जवळ येतं: ज्ञान कमी-जास्त असतं, तेव्हा त्याची परिसीमाही कुठेतरी असेल. पण त्याचं खरं नातं अक्वायनसच्या चौथ्या मार्गाशी, म्हणजे कमी-जास्त असणाऱ्या गुणांवरून त्यांच्या परिसीमेकडे जाणाऱ्या युक्तीशी आहे.

कांटनं हे सगळे युक्तिवाद निकालात काढले असं ऐकलं आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८१ साली दाखवलं की ‘असणं’ हा गुण नाही. मनातल्या शंभर थालर नाण्यांत आणि खिशातल्या शंभरांत नाणं एकही जास्त नसतं. खिशात मात्र फरक पडतो. आदिकारणाचा युक्तिवादही शेवटी अन्सेल्मच्याच युक्तीवर टेकतो असं त्याचं म्हणणं होतं. जगातल्या रचनेवरून देवाकडे जाणाऱ्या युक्तिवादाचा तो आदरानं उल्लेख करतो, पण म्हणतो, त्यातून फार तर हाताशी असलेल्या मालातून रचना करणारा वास्तुशिल्पी मिळेल, माल निर्माण करणारा नाही.

हे वाचून नैयायिकानं शांतपणे मान डोलावली असती. त्याचा ईश्वर तेवढाच आहे. परमाणू त्यानं केलेलेच नाहीत.

कांट तिथे थांबला नाही. १७८८ मध्ये त्यानं देवाला दुसऱ्या दारानं आत घेतलं: सदाचाराला त्याच्या लायकीचं सुख मिळावं ही नीतीची मागणी आहे, निसर्ग ती पुरवत नाही, म्हणून ती पुरवणारा आहे असं धरून चालावं लागतं. न्यायसूत्रांतली ती तीन सूत्रं आठवा. कर्म जड आहे, स्वतःचा हिशोब स्वतः ठेवू शकत नाही, म्हणून फळ देणारा चेतन हवा. कांटनं याला पुरावा म्हटलं नाही, नैयायिकांनी म्हटलं. बाकी वाट एकच.

घड्याळाचा दाखला डार्विननं मोडला का?

इंग्रज पाद्री विल्यम पेलीचं घड्याळ १८०२ सालचं. माळावर घड्याळ सापडलं तर घडवणारा आठवतो, मग डोळ्याचं काय? त्याआधी प्राचीन रोमच्या सिसेरोनंही छायायंत्र आणि जलघटिकेचा असाच दाखला दिला होता. केंब्रिजमध्ये डार्विननं पेली आवडीनं वाचला होता, आणि १८५९ नंतर सजीवांच्या रचनेवर बेतलेला हा युक्तिवाद उभा राहिला नाही. डोळा घडवायला घडवणारा लागत नाही हे यंत्रणेसकट कळलं. धर्मकीर्तीचं वारूळ कुंभाराविना कसं घडतं, यालाही आता उत्तर आहे. आज तोच युक्तिवाद भौतिकशास्त्राच्या स्थिरांकांकडे सरकला आहे: ते जरा वेगळे असते तर तारे बनले नसते. पण इतर विश्वं आपण पाहिलेली नाहीत, तेव्हा किती विश्वांत तारे बनतात हे सांगायचं कशावरून? दृष्टान्त कुठे आहे, हा नैयायिकाचा प्रश्न इथेही लागू पडतो.

पास्कलची पैज यात मोडते का?

नाही. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच गणितज्ञाची पैज देव आहे असं सांगतच नाही. देव मानण्यात फायदा आहे एवढंच ती सांगते. कोणत्या देवावर पैज लावायची, हा प्रश्न तेहतीस कोटींच्या देशात जरा जास्तच टोचतो. खुद्द पास्कल मेल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद निघाला, १६५४ च्या एका रात्रीच्या अनुभवाचा. त्यात लिहिलं होतं: अब्राहमचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे.

विद्यार्थी असताना आइन्स्टाइननं नास्तिक प्राध्यापकाला गप्प केलं, ही गोष्ट खरी आहे का?

बनावट आहे. ‘अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, तसं वाईट म्हणजे देवाचा अभाव’ हा त्यातला मुद्दा चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनच्या विचारातून आलेला आहे. फॉरवर्ड करू नका.

महाराष्ट्रात हा वाद झाला का?

पंडिती थाटात फारसा नाही. तुकोबांनी तर ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा’ असं म्हणून नैयायिक आणि बौद्ध दोघांनाही अडचणीत टाकलं.

मला महत्त्वाचे वाटतात ते जोतीराव फुले. त्यांचा ‘निर्मिक’ हा अवतार घेत नाही, मूर्तीत बसत नाही, भटजीमार्फत बोलत नाही. १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकापासून निघणारा निष्कर्ष सामाजिक आहे: सगळ्या स्त्री-पुरुषांना एकानंच निर्माण केलं, तेव्हा सगळ्यांचे हक्क सारखे. जोतीरावांवर ज्याचा प्रभाव होता तो थॉमस पेनही सृष्टीवरून निर्मात्याकडे जाणारा आणि धर्मग्रंथ नाकारणारा होता. हजार वर्षं परमाणू जुळवण्यात गुंतलेला कर्ता इथे विहिरीवरच्या पाण्याच्या हक्कासाठी साक्षीला उभा केला गेला.

दुसरं नाव वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींचं. तर्कतीर्थ ही त्यांची पदवी न्यायशास्त्रातली. ज्या शास्त्रानं ईश्वर सिद्ध केला त्यात मुरलेला हा माणूस पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाकडे गेला आणि ‘हिंदू धर्माची समीक्षा’ लिहिता झाला.

संगणकानं देव सिद्ध केला ही बातमी खरी का?

अर्धी. कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञानं अन्सेल्मची युक्ती आधुनिक तर्काच्या चिन्हांत मांडली आणि १९७० मध्ये डेना स्कॉटला दाखवली. २०१३ साली क्रिस्टोफ बेन्झम्युलर आणि ब्रुनो वोल्ट्झेनलोगेल पालेओ यांनी ती संगणकाकडून तपासून घेतली. गृहीतकं मान्य केली तर निष्कर्ष निघतो, एवढं संगणकानं सांगितलं. गृहीतकं मान्य करायची का, हे तो सांगत नाही. पुढे त्याच दोघांना संगणकाच्या मदतीनं आढळलं की गोडेलच्या मूळ टिपणात विसंगती आहे. स्कॉटनं सुधारलेली आवृत्ती त्यातून वाचते. तिच्यातही एक भलतीच अडचण आहे: ती गृहीतकं धरली तर जे जे घडतं ते ते घडणं अटळ ठरतं. तुम्ही आज सकाळी चहात साखर किती घातली, तेसुद्धा.

तुमच्या मते यातली कोणती युक्ती टिकते?

इब्न सीनाची. जगाला आरंभ होता की नव्हता, डोळा कसा घडला, परमाणू किती आहेत, यातल्या कशावरच ती अवलंबून नाही, त्यामुळे विज्ञानाच्या नव्या शोधानं ती ढासळत नाही. ती नाकारायची तर रसेलसारखं ‘विश्व आहे, बस्स’ म्हणावं लागतं, आणि तसं म्हणायला माझी काही हरकत नाही; फक्त ते पत्करून म्हणावं. मान्य केली तरी हाती येतं ते ‘नसणं अशक्य असलेलं काहीतरी’. ते नवसाला पावतं का, उपास धरलेला त्याला कळतो का, त्याला वारी आवडते का, यावर ती युक्ती अवाक्षर बोलत नाही. इब्न सीनानं पुढे त्याला ज्ञान, चांगुलपणा वगैरे जोडायची बरीच खटपट केली, आणि गझालीनं त्यातलं जवळपास प्रत्येक पाऊल उखडून टाकलं. गझाली स्वतः पाच वेळा नमाज पढणारा होता.